खोडलेलं चौथं प्रकरण

माझ्या पेपरचं नाव ऐकलं की लोक दोन प्रकारे वागायचे. काही जण हात जोडायचे आणि काही जण विषय बदलायचे. ‘धर्म आणि जागतिक राजकारण’ हे ते नाव. एम.ए. राज्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाचा ऐच्छिक पेपर. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल या तालुक्याच्या गावी, तिथल्या कॉलेजात मी तो पंचवीसहून अधिक वर्षं शिकवला, आणि एवढ्या वर्षांत एस.टी.त शेजारी बसलेल्या एकाही माणसाला मला तो एका दमात समजावून सांगता आला नाही. “म्हणजे कीर्तन शिकवता काय?” असं एका बाईंनी विचारलं होतं. गडचिरोलीला निघालेल्या एका साहेबांनी तर आवाज खाली आणून विचारलं, “मॅडम, याची परवानगी आहे ना तुम्हाला?”

मी वाढले भद्रावतीला, दारूगोळ्याच्या कारखान्याच्या कॉलनीत. बाबा म्हणायचे, “मी आवाज होणारा माल बनवला, तू बिनआवाजाचा शिकव.” त्यांना माझा विषय कॉलेजातल्या माझ्या सहकाऱ्यांपेक्षा लवकर कळला होता.

पहिल्या वर्षी पाच विद्यार्थी आले. धर्म म्हणजे घरचाच अभ्यास, सोपा पेपर, असा त्यांचा हिशेब. मी वर्गात शिरले तर फळ्याला हळदकुंकू लावलेलं आणि टेबलावर उदबत्ती. मी उदबत्ती उचलून खिडकीत ठेवली आणि म्हटलं, “आपल्याला देव शिकायचा नाही. देवाचं नाव घेऊन एक देश दुसऱ्या देशाशी कसा वागतो, ते शिकायचंय.” पाचांतल्या दोघांनी त्याच आठवड्यात पेपर बदलला. उरलेल्या तिघांतला एक नंतर मला म्हणाला, “बाई, आमीबी बदलवला असता, पण दुसऱ्या पेपरच्या टायमाले बस नाई.” तालुक्याच्या गावी पदव्युत्तर शिक्षण एस.टी.च्या वेळापत्रकावर चालतं, हे शहरातल्या माणसांना सांगून पटत नाही.

हा विषय मला स्वतःला नीट कळला तो मात्र एका शिंप्यामुळे. शब्बीरभाईंचं दुकान बाजाराच्या रस्त्यावर. माझे ब्लाउज तेच शिवायचे. एकदा गळ्यातली टेप काढून ठेवत त्यांनी विचारलं, “बाई, तुम्ही दुनियाचं राजकारण शिकवता म्हन्ते लोकं. मंग एक बात सांगा. मी हजचा फॉर्म भरला, माहा नंबर नाई लागला. ठीक आहे, नशीब. पण एवढ्याच लोकांनी यायचं, हे ठरवते कोण?”

मी त्यांना सांगितलं की आपलं सरकार आणि तिकडचं सरकार बसून दरवर्षी करार करतात, कोणत्या देशातून किती जण येणार ते त्यात ठरतं. शब्बीरभाईंनी कात्री खाली ठेवली आणि म्हणाले, “म्हणजे नियत माही, आन् गिनती दोन सरकारची.”

मी पुस्तकंच्या पुस्तकं वाचली होती, पण इतकी सुटसुटीत व्याख्या मला सापडली नव्हती. पुढच्या आठवड्यात मी त्यांना वर्गावर बोलावलं. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले, अर्धा तास बोलले आणि जाताना एका विद्यार्थ्याच्या शर्टाची बाही उसवलेली दाखवून गेले. दोन-तीन वर्षांनी त्यांचा नंबर लागला. परत आल्यावर त्यांनी अख्ख्या वर्गाला खजूर वाटले. त्यानंतर दर वर्षी पहिल्या तासाला मी फळ्यावर त्यांचंच वाक्य लिहीत असे. त्यापुढे उदबत्तीचा प्रश्न कधी आला नाही.

इतकं सगळं सांगितलं ते अशासाठी, की गावातल्या माणसाकडून शिकायची अक्कल मला आहे, असा माझा समज होता. तो समज वनिताने उतरवला.

वनिता वैनगंगेच्या काठच्या एका गावातली, ढिवराच्या घरची. तिचे वडील मारोतीभाऊ नदीत मासे धरायचे आणि डोंगा चालवायचे. डोंगा म्हणजे आमच्याकडची लाकडी नाव. तिच्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. एका काठाचं लिहिलं तर दुसऱ्या काठाचंही लिहावं लागेल, आणि आधी कोणत्या काठाचं लिहायचं यावरून पुन्हा भांडण उभं राहील. पोरगी बोलायची कमी, वाचायची फार. सकाळच्या पहिल्या बसने यायची आणि मधल्या सुट्टीत ग्रंथालयात बसून डबा खायची, म्हणून ग्रंथपालांची बोलणीही खायची.

आमच्याकडे दुसऱ्या वर्षी लघुप्रबंध असतो. विद्यार्थ्याने एक विषय घ्यायचा, साठ-सत्तर पानं लिहायची, बांधून द्यायची. मग बाहेरच्या विद्यापीठातून परीक्षक येतात आणि तोंडी परीक्षा घेतात. परीक्षा विद्यार्थ्याची असते, पण घाम शिक्षकाला फुटतो.

वनिताच्या आदल्या वर्षी जे परीक्षक आले होते, ते मोठ्या शहरातले, मोठ्या अभ्यासाचे गृहस्थ. चहा पिता पिता मला म्हणाले, “मॅडम, या जंगलात बसून जागतिक राजकारण कोण करणार आहे?” मी हसले. चोख उत्तर मला नेहमीप्रमाणे घरी जाताना बसमध्ये सुचलं. यंदाही तेच येणार होते. त्यातच विद्यापीठाचं पत्र आलं, की कमी विद्यार्थ्यांचे ऐच्छिक पेपर चालू ठेवायचे की बंद करायचे, ते बाहेरच्या परीक्षकांच्या अहवालावर ठरेल. त्या वर्षी माझ्याकडे तिघं होते. एक पोलीस शिपाई, त्याची ऐन वेळी बदली झाली. एकीचं बाळंतपण आलं. उरली वनिता. माझा बावीस वर्षांचा पेपर त्या एका मुलीच्या तोंडी परीक्षेवर येऊन ठेपला होता.

विषय मीच तिला दिला होता. एकमेकांशी वैर असलेले दोन शेजारी देश, आणि सीमेपलीकडच्या पवित्र स्थानी जाणाऱ्या भाविकांची वाट. तिने तीन प्रकरणं व्यवस्थित लिहून आणली. चौथं आणलं त्यात तिच्या गावची देवी, नदी, डोंगे, डफडी. अकरा पानं. मी प्रत्येक पानावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत लाल रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘विषयांतर. हा आंतरराष्ट्रीय विषय नाही.’ खरं सांगायचं तर मी ती पानं पुरती वाचलीही नव्हती. मला त्या परीक्षकांचा चेहरा दिसत होता. वनिता “बरं बाई” म्हणाली आणि पानं घेऊन गेली.

परीक्षेच्या आठ दिवस आधी मी तिची तालीम घेतली. मीच परीक्षक झाले. विचारलं, “दोन देश भांडतात, व्यापार बंद करतात, क्रिकेटही बंद करतात. मग भाविकांची वाट का उघडी ठेवतात?”

उत्तर तिच्याच तिसऱ्या प्रकरणात होतं. श्रद्धेचा आदर म्हणून, वगैरे. पण तिने समोरची वही मिटली.

“पाठ नाही का?”

“पाठ आहे बाई. पण ते खरं नाई.”

“मग खरं काय?”

“ते चवथ्या प्रकरणात होतं. तुम्ही खोडलं.”

ती रागाने बोलली नव्हती, आणि म्हणूनच ते मला जास्त लागलं. मी दार लावून घेतलं, तिला समोर बसवलं आणि म्हटलं, “सांग आता. मी मध्ये बोलणार नाही.”

तिने सांगितलं ते असं. नदीच्या या काठी, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात, मोठी बहीण देवी. त्या काठी, गडचिरोली जिल्ह्यात, धाकटी. धानाची कापणी आटोपली की मोठी धाकटीला भेटायला जाते, दोन रात्री राहते आणि तिसऱ्या दिवशी सकाळी परत येते. पालखी डोंग्यातून जाते. पण या काठचा डोंगा त्या काठाला लागत नाही. मध्यधारेत दोन्ही काठांचे डोंगे जवळ येतात आणि पालखी या डोंग्यातून त्या डोंग्यात दिली जाते. दोन्ही गावांचं पुलाखालच्या डोहावरून हाडवैर. जाळं कोणी टाकायचं यावरून जाळी कापली गेली, डोकी फुटली, केसेस झाल्या, सोयरीक बंद, बोलणं बंद. पण पालखी एक वर्षही बंद पडली नाही.

“काऊन नाई बंद पडली, सांगू बाई?” वनिता म्हणाली. “पालखीचा दांडा इकून माहा बाप धरते, तिकून त्यायचे सुखदेवभाऊ. दोघायचे तोंडं एवढे जवळ येतात. डफडे जोरात वाजून राह्यते, कोणाले काई आयकू येत नाई. तवा ते बोलतात. कोणत्या वारी कोणाचं जाळं, ते तिथीच ठरते. मंग दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या मच्छी सोसायट्या आपापल्या मनानं सांगितल्यावानी सांगतात. कोणी कोणापुढं झुकलं नाई. पालखी बंद केली तर बोलायचं कुठी?”

मी वर्गात ‘पडद्यामागची मुत्सद्देगिरी’ असं फळ्यावर लिहून तिच्या पाच व्याख्या देत असे. पाठ करून आलेल्या मुलांना गुणही देत असे. आणि ही मुलगी ती गोष्ट डोळ्यांनी बघून लिहून आणते, तर मी लाल रेघा मारते. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज अजून पूर्ण गेलेली नाही.

“मला बघायचंय,” मी म्हटलं.

पालखी सोमवारी जाणार होती, बुधवारी सकाळी परतणार होती, आणि बुधवारीच अकरा वाजता तोंडी परीक्षा. सोमवारी बघून संध्याकाळी मूलला परत, असा माझा बेत होता.

मारोतीभाऊंनी मला आपल्या डोंग्यात बसवलं ते बजावूनच. “बाई, हात मांडीवर ठेवजा. त्यायच्या डोंग्याले आपला हात लागू द्यायचा नाई, त्यायचा आपल्या डोंग्याले नाई. बाकी काई नाई.” मी मान डोलावली. वकिलातीची हद्द, राजदूताचं संरक्षण, कोणाच्या भूमीवर कोणाचा कायदा, हे मी दोन दशकं शिकवत होते. मला कोण शिकवणार?

मध्यधारेत दोन्ही डोंगे जवळ आले. डफडी सुरू झाली. मारोतीभाऊंनी दांडा पुढे केला, समोरून पांढऱ्या मिशांच्या सुखदेवभाऊंनी धरला. दोघांची डोकी जवळ आली. मी त्यांचे ओठ बघायला म्हणून पुढे वाकले, डोंगा हलला, आणि पडू नये म्हणून मी जे हाताला आलं ते घट्ट धरलं. ती त्यांच्या डोंग्याची कड होती.

डफडी थांबली. दोन्ही काठांवरची माणसं थांबली. 

“चूक झाली भाऊ, बाई बाहेरच्या आहेत,” मारोतीभाऊ म्हणाले. त्या वर्षी ते या माणसाशी उघडपणे बोललेलं ते पहिलं वाक्य असावं.

“चूक कायची?” सुखदेवभाऊ माझ्याकडे बघत म्हणाले. “हात लावला ना? आता आमच्या पाहुण्या. देवीसंग आल्या, देवीसंगच जातीन.”

असा रिवाज होता म्हणे. कोणाच्याच आठवणीत तो वापरायची वेळ आली नव्हती. मला दोघांनी दंडाला धरून त्या डोंग्यात घेतलं, पालखी माझ्यामागून आली आणि मी जिल्हा ओलांडला. मागे वळून पाहिलं तर वनिता काठावर तोंडावर ओढणी धरून उभी होती. ती रडत नव्हती, हसू दाबत होती.

पाहुणचारात काही कमी नव्हतं. सुखदेवभाऊंच्या घरी झिंगे आणि भात, निजायला नवी सतरंजी, आणि दिवसभर बघायला येणाऱ्या बाया. पण दुसऱ्या दिवशी सुखदेवभाऊ मनातलं बोललेच. आधी मी विचारलं होतं, “भाऊ, मध्यधारेत तुम्ही काय बोलता?”

“आम्ही? कुठी काय बोलतो? त्या काठाशी बोलणं बंद आहे आमचं.”

“मग ओठ हलतात ते?”

“तिथी देवी राह्यते बाई. देवीसमोर थोबाड बंद ठेवून कसं चालन?” मग म्हणाले, “यंदा मात्र नाई बोलणं झालं. तुमच्या हातानं डफडे बंद पडले. आता परतीले झालं तर झालं. नाई तर डोहात पुन्हा जाळे कापणं सुरू होईन.”

म्हणजे मी नुसता शिष्टाचार मोडला नव्हता, चालू वाटाघाट मोडली होती.

आता पेच असा. त्या गावातून सकाळी सातची बस पुलावरून मूलला जाते. बुधवारी मी ती धरली असती तर दहाच्या आत कॉलेजात पोहोचले असते. साडी बदलून, केस विंचरून परीक्षकांना चहाही पाजला असता. मी तसं चाचपून बघितलं. सुखदेवभाऊंच्या पत्नी भात वाढता वाढता म्हणाल्या, “जा ना बाई. कोण अडवते? पण मंग आमचे पोट्टे म्हन्तीन, त्या काठची पाहुणी देवीले सोडून पळाली. मंग पालखी घेऊन परत कोण जाईन?”

मी मंगळवारी दुपारी प्राचार्यांना फोन लावला.

“मॅडम, उद्या परीक्षा आहे आन् तुम्ही नदीच्या पल्याड काय करून राह्यल्या?”

“पाहुणी आहे सर.”

“कोणाची?”

“देवीची.”

 प्राचार्य चांगले गृहस्थ होते. त्यांनी मला पेपर बंद पडण्याची आठवण करून दिली, आणि ती रास्तच होती. मी म्हटलं, “सर, मी बसने आले तर पेपर वाचेलही, पण इथलं बिघडेल. मी येणार नाही. परीक्षकांना विचारा, ते काठावर येतील का.” 

थोड्या वेळाने वनिताचा फोन. “बाई, बांधणीले देऊन राह्यली. चवथं प्रकरण टाकू काय? पण टायपिंगवाल्यानं ते कवाच पुसलं. तुमच्या रेघा मारलेलेच पानं आहेत माह्याजवळ.”

“टाक,” मी म्हटलं. “रेघांसकट टाक.”

बुधवारी सकाळी आमचे डोंगे निघाले तेव्हा समोरच्या काठावर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या दिसल्या. एकीवर प्राचार्य, एकीवर परीक्षक. बाजूला लघुप्रबंध छातीशी धरून वनिता. काठावर काय बोलणं झालं ते मला नंतर प्राचार्यांनी सांगितलं, आणि ते त्यांनी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलं आहे की आता त्यात एका शब्दाचाही फरक होत नाही.

मध्यधारेत डोंगे जवळ आले. मी या वेळी दोन्ही हात मांडीवर एकमेकांत अडकवून बसले होते. डफडी अशी वाजली की पाण्यावर बगळे उडाले. दांडा धरला गेला. माझ्या कोपरापासून हातभर अंतरावर मला तुटक ऐकू आलं. “सोमवार, गुरुवार तुमचे.” “आन् पुनवेले?” “कोणाचंच नाई.” “जाळं बारीक छेदाचं नको.” “नाई टाकत.” मग पुन्हा डफडी.

काठावर परीक्षक घड्याळ बघत म्हणाले, “पालखी द्यायला इतका वेळ का लागतोय?”

“बोलून राह्यले सर,” वनिता म्हणाली.

“कोण?”

“दोन सरकारं.”

परीक्षकांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग त्यांनी तोच प्रश्न विचारला, जो मी तालमीत विचारला होता. वाट बंद का करत नाहीत? आणि वनिताने नदीकडे बोट दाखवून तेच सांगितलं, जे मला सांगितलं होतं. पाठ केलेलं एक वाक्य त्यात नव्हतं. परीक्षक म्हणाले, “पण हे साम्य वरवरचं नाही का? तिथे सैन्य आहे, व्हिसा आहे. इथे दोन डोंगे.”

“फरक आहे सर,” ती म्हणाली. “इथी जे बोलतात तेच जाळं टाकतात. शब्द मोडला तर उद्या त्यायच्याच घरी चूल पेटत नाई. तिथी बोलणारे वायले आन् भोगणारे वायले. म्हणून इथलं टिकते, तिथलं तुटते. माह्या प्रबंधाचा निष्कर्ष तोच आहे.”

प्राचार्य सांगतात की यावर परीक्षकांनी खुर्ची पुढे ओढली. आमचा डोंगा काठाला लागेपर्यंत त्यांनी एकही प्रश्न अडवण्यासाठी विचारला नाही. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं.

मी काठावर उतरले तेव्हा साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, केसांत झेंडूच्या पाकळ्या. परीक्षकांच्या हातात चौथं प्रकरण उघडं होतं.

“या रेघा कोणी मारल्या?”

वनिता पाण्याकडे बघत राहिली. तिने माझं नाव घेतलं नाही.

“मी,” मी म्हटलं.

“मग हे प्रकरण धरायचं की नाही?”

मी त्यांच्याच खिशातलं पेन मागून घेतलं आणि पहिल्या पानावर, माझ्याच लाल अक्षरांखाली लिहिलं, ‘खोडलेलं कायम धरावं.’ खाली सही केली. त्यांनी तिच्याशेजारी सही केली. बावीस वर्षांत मी हजारो सह्या केल्या असतील, पण हात इतका हलका कधी वाटला नव्हता. मारोतीभाऊ पालखी मंदिरात नेऊन परत आले आणि त्यांनी परीक्षकांना विचारलं, “साहेब, पोरगी पास हाय ना?” परीक्षक म्हणाले, “तिचं काय विचारता? आज आम्ही तिघं शिकवणारे पास झालो.”

ते लगेच संत झाले, असं नाही. संदर्भसूचीत त्यांनी चुका काढल्याच. पण अहवालात लिहिलं की हा पेपर चालू राहावा आणि प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्या परिसरातला अभ्यास सक्तीचा करावा. वनिता विद्यापीठात पहिली आली. त्या वर्षी डोहात एकही जाळं कापलं गेलं नाही. पुढच्या जूनमध्ये हा पेपर निवडणारे इतके झाले की वर्गात खुर्च्या कमी पडल्या, तेव्हा मी शेजारच्या वर्गातून बाक ओढत आणले आणि कोणी मदतीला आलं तर नको म्हटलं. ते बाक मला स्वतःलाच ओढायचे होते.

एक खंत आहे, ती लिहितेच. वनिताच्या आधीच्या वर्षांत मी अशा किती प्रकरणांवर रेघा मारल्या असतील? सिरोंचाकडचा एक मुलगा होता. त्याने दोन भाषांच्या सीमेवर भरणाऱ्या एका जत्रेवर काही लिहून आणलं होतं, हे आठवतं. काय लिहिलं होतं ते आठवत नाही, कारण मी वाचलं नव्हतं.

मी निवृत्त झाले, भद्रावतीला परतले. पेपर आता वनिता शिकवते. पहिल्या तासाला फळ्यावर शब्बीरभाईंचं वाक्य लिहिते आणि कापणीनंतर अख्खा वर्ग नदीवर नेते. तिकडे एक नवी गोष्ट सुरू झाली आहे. दर वर्षी मध्यधारेत डफडी क्षणभर थांबतात, कॉलेजातलं कोणीतरी पुढे वाकून पलीकडच्या डोंग्याच्या कडेला हात लावतं आणि देवीची पाहुणी म्हणून त्या काठी दोन रात्री राहतं. त्याशिवाय पालखी पुढे जात नाही. गेल्या वर्षीचा मान वनिताचा होता.

यंदा तिचा फोन आला. आवाजात ते जुनं दाबलेलं हसू. “बाई, एका पोरीनं सुखदेवभाऊले विचारलं, हा हात लावायचा रिवाज कवापासून? ते म्हणाले, आमच्या आज्या-पणज्याच्या आंधीपासून आहे, देवीनंच सांगितलेला. पोरीनं तसंच लिहून आणलं प्रकरणात. लाल पेन हातात घेऊन बसली आहो. खोडू काय?”

माझ्या त्या चुकीला अजून दहा वर्षंही झालेली नाहीत. मी इतकी हसले की फोन हातातून पडायचा राहिला.

“नको,” मी म्हटलं. “राहू दे.”